ध्रुवीय प्रकाश, सौर वारा आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑरोराबद्दल, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाबद्दल, शाळेपासून एक वाक्य कानावर असतं: सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं आणि ते हवेवर आदळले की प्रकाश पडतो. यातला पहिला आणि शेवटचा भाग ठीक आहे, मधला फसवा आहे. खालचे बरेचसे प्रश्न या मधल्या भागाभोवतीच फिरतात.

ऑरोराचा प्रकाश नेमका कशाचा असतो?

हवेचा. तो परावर्तित सूर्यप्रकाश नाही, बर्फावरून उसळलेला उजेड नाही आणि वर काही जळतही नसतं. जमिनीपासून साधारण १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर हवा अतिशय विरळ असते. वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन तिथल्या ऑक्सिजनच्या अणूंना आणि नायट्रोजनच्या रेणूंना धडकतात, त्यांना ऊर्जा देतात, आणि ती ऊर्जा मग प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. उत्तरेकडच्या प्रकाशाला ऑरोरा बोरिअ‍ॅलिस आणि दक्षिणेकडच्याला ऑरोरा ऑस्ट्रॅलिस म्हणतात.

सौर वारा म्हणजे काय?

सूर्याचं बाह्य वातावरण, म्हणजे करोना, १० लाख अंश सेल्सिअसहून जास्त तापलेलं असतं. (खालचा दिसणारा पृष्ठभाग जेमतेम ५,५०० अंशांचा आणि वरचा थर त्याच्या शेकडो पट गरम. हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.) इतक्या तापमानाला अणू फुटून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणालाही आवरत नाहीत. ते सर्व दिशांना सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने सतत वाहत राहतात. पृथ्वीपाशी पोहोचायला त्यांना दोन ते सहा दिवस लागतात. पृथ्वीजवळ हा वारा इतका विरळ असतो, की एका घन सेंटीमीटरमध्ये पाच-दहा कण सापडतात.

युजीन पार्कर यांनी १९५८ साली या वाऱ्याचं गणित मांडलं, तेव्हा त्यांचा लेख तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना स्वतःलाही ती कल्पना फारशी पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी लेख छापला. पुढच्या चार वर्षांत सोव्हिएत ल्यूना यानांनी आणि मग १९६२ साली अमेरिकेच्या मरिनर २ या यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावर अवलंबून आहे: सौर वारा फक्त कण आणत नाही, तो सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही आपल्याबरोबर ओढून आणतो.

मग हे कण ध्रुवांवरून खाली उतरतात आणि ऑरोरा दिसतो, असंच ना?

नाही. हिशेब मांडून पाहिला तर दोन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण ऊर्जेची. सौर वाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट (अशा सूक्ष्म कणांची ऊर्जा मोजायचं एकक) असते. ऑरोराचे तेजस्वी पडदे पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १,००० ते १०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. म्हणजे वाटेत कुठेतरी त्यांना शेकडो पट ऊर्जा मिळालेली असते.

दुसरी अडचण जागेची. ऑरोरा सर्वांत जोरात असतो तो मध्यरात्रीच्या आसपास, पृथ्वीच्या सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला. सूर्याकडून आलेले कण थेट पडत असते, तर त्यांनी समोरच्या बाजूला पडायला हवं होतं. दोन्ही ध्रुवांजवळ दिवसाच्या बाजूला चुंबकीय क्षेत्रात फटीसारख्या जागा आहेत, तिथून थोडे कण खरोखर थेट आत येतात. पण त्यांचा ऑरोरा फिकट असतो. लोक हजारो मैल प्रवास करून जे पाहायला जातात, ते त्याने तयार होत नाही.

मग पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नेमकं काय करतं?

पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपासून वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा सुरू होतो. त्या धातूच्या हालचालीतून हे क्षेत्र निर्माण होतं आणि ते अवकाशात दूरवर पसरतं. एकटंच असतं तर ते सर्व बाजूंना सारखं पसरलं असतं. पण सौर वारा त्याला समोरून दाबतो आणि मागे ओढतो. सूर्याकडच्या बाजूला ते साधारण ६५,००० किलोमीटरवर थांबतं. विरुद्ध बाजूला मात्र त्याची शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. या सगळ्या प्रदेशाला चुंबकावरण म्हणतात.

सौर वाऱ्याचा बहुतांश भाग या चुंबकावरणाला वळसा घालून निघून जातो. म्हणून त्याला ढाल म्हणायची पद्धत पडली. मला ती उपमा अर्धवट वाटते. ढाल वार अडवते आणि विषय संपतो. चुंबकावरण वाऱ्याची काही ऊर्जा आत घेतं, तासन् तास साठवतं आणि मग एकदम सोडून देतं.

ही ऊर्जा आत शिरते कशी?

विषुववृत्ताच्या पातळीवर पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे असते. सौर वाऱ्याबरोबर आलेल्या क्षेत्राची दिशाही उत्तरेकडेच असेल, तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना ढकलत राहतात आणि आत फारसं काही जात नाही. पण आलेलं क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेलं असेल, तर चुंबकावरणाच्या समोरच्या सीमेवर विरुद्ध दिशेच्या बलरेषा समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींना नव्याने जोडल्या जातात. या घटनेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. आता त्या रेषेचं एक टोक पृथ्वीत रुतलेलं आणि दुसरं सौर वाऱ्यात. वारा पुढे वाहतच असतो, त्यामुळे तो ती रेषा ओढत ध्रुवावरून मागे नेतो आणि शेपटीत नेऊन टाकतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी हे चक्र १९६१ साली मांडलं.

सौर वारा कितीही जोराचा असला, तरी त्याचं क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं असेल तर रात्र बरीचशी कोरडी जाऊ शकते. उलट मध्यम वेगाचा वारा, पण क्षेत्र तासन् तास दक्षिणेकडे, असं असलं की आकाश उजळतं. ऑरोराच्या शिकारीला निघालेली मंडळी वेगाच्या आकड्याआधी 'बीझेड' नावाचा आकडा बघतात, तो याचसाठी. तो ऋण असेल तर क्षेत्र दक्षिणेकडे आहे.

शेपटीत साठलेल्या ऊर्जेचं पुढे काय होतं?

शेपटीत बलरेषा जमत जातात, शेपटी ताणली जाते, मधला पट्टा पातळ होत जातो. एका मर्यादेनंतर तिथेही पुनर्जोडणी होते. बेचकीचं ताणलेलं रबर सोडावं तशा पृथ्वीकडच्या बलरेषा झटक्याने आखडतात आणि आपल्याबरोबर प्लाझ्मा (सुट्या विद्युतभारित कणांचा वायू) पृथ्वीच्या दिशेने फेकतात. शेपटीचा बाहेरचा तुकडा उलट्या दिशेने अवकाशात निघून जातो.

जमिनीवरून हे असं दिसतं: संध्याकाळपासून आकाशात पूर्व-पश्चिम पसरलेली एक शांत हिरवी कमान असते. ती हळूहळू विषुववृत्ताच्या बाजूला सरकत येते. मग अचानक ती उजळते, तुटते, तिच्या घड्या पडतात, पडदे ध्रुवाकडे झेपावतात आणि काही मिनिटांत सगळं आकाश हलू लागतं. अर्ध्या-एक तासात जोर ओसरतो आणि धूसर, उघडझाप करणारे ठिपके उरतात. हा क्रम स्युन-इची अकासोफू यांनी १९६४ साली नोंदवला. त्याला उपवादळ म्हणतात. एका रात्रीत अशी दोन-तीन उपवादळं येऊ शकतात, त्यामुळे पहिला खेळ संपला म्हणून लगेच आत जाऊन झोपू नये.

ठिणगी नेमकी कुठे पडते यावर बरीच वर्षं वाद होता. नासाने २००७ साली थेमिस मोहिमेत पाच उपग्रह सोडले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी एक उपवादळ रांगेत उभं राहून पाहिलं. सुरुवात चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, शेपटीतल्या पुनर्जोडणीने झाली होती.

इलेक्ट्रॉनांना शेवटचा धक्का कोण देतं?

शेपटीतून आलेली ऊर्जा चुंबकीय बलरेषांच्या वाटेने खाली येते. काही हजार किलोमीटर उंचीवर बलरेषांच्या दिशेने विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनांना खाली ढकलतं. शिवाय बलरेषा हादरल्या की त्यांच्यावरून आल्फव्हेन लाटा, म्हणजे ताणलेल्या तारेवर उठाव्यात तशा चुंबकीय लाटा, धावतात. लाटेच्या वेगाशी ज्यांचा वेग जुळतो, ते इलेक्ट्रॉन तिच्याकडून ऊर्जा उचलतात. हे प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मामध्ये २०२१ साली प्रत्यक्ष मोजून दाखवण्यात आलं.

या वाटेने वाहणारा विद्युतप्रवाह लाखो अँपिअरच्या घरात जातो.

ऑरोरा बरोबर ध्रुवावर सर्वांत जास्त दिसतो का?

नाही. तो भूचुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यासारख्या पट्ट्यात दिसतो. हा पट्टा साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर असतो, कारण शेपटीच्या सक्रिय भागातून येणाऱ्या बलरेषा तिथेच वातावरणात उतरतात. ऐन ध्रुवाच्या डोक्यावर बहुतेकदा त्या मानाने शांतता असते.

भूचुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून ढळलेला आहे आणि तो उत्तर अमेरिकेच्या बाजूला झुकतो. त्यामुळे कॅनडातल्या माणसाला जो ऑरोरा ६० अंश अक्षांशांवर सहज दिसतो, त्यासाठी सायबेरियात बरंच उत्तरेला जावं लागतं. नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं किरुना, अलास्कातलं फेअरबँक्स आणि कॅनडातलं यलोनाइफ ही नावं वारंवार ऐकू येतात, ती या पट्ट्यामुळे.

वेगवेगळे रंग का दिसतात?

रंग दोन गोष्टींवर ठरतो: धडक कुणाला बसली आणि किती उंचीवर बसली.

हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, उंची साधारण १०० ते १५० किलोमीटर. तांबडाही ऑक्सिजनचाच, ६३० नॅनोमीटर, पण २०० किलोमीटरच्या वर. एकाच अणूचे दोन रंग कसे, याचं उत्तर वाट पाहण्यात आहे. हिरवा प्रकाश टाकायला उत्तेजित अणू सरासरी पाऊण सेकंद घेतो, तांबडा टाकायला जवळजवळ दोन मिनिटं. अणूसाठी दोन मिनिटं म्हणजे युग झालं. खाली, जिथे हवा थोडी दाट आहे, तिथे एवढ्या वेळात दुसरा कुणीतरी येऊन आदळतो आणि ऊर्जा हिसकावून नेतो. तांबडा प्रकाश निघायच्या आधीच विझतो. वरच्या विरळ हवेत मात्र अणूला निवांत वेळ मिळतो. १०० किलोमीटरच्या खाली हिरव्यालाही तेवढी फुरसत मिळत नाही, म्हणून हिरव्या पडद्याची खालची कड इतकी रेखीव कापल्यासारखी दिसते.

त्या कडेला कधीकधी गुलाबी किनार असते, ती नायट्रोजनच्या रेणूंची. इलेक्ट्रॉन फार जोरात असले तरच ते इतके खाली पोहोचतात. निळा-जांभळा रंग नायट्रोजनच्या आयनांचा.

अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी ऑरोराच्या वर्णपटातल्या हिरव्या रेषेची तरंगलांबी १८६८ साली मोजली होती. ती ऑक्सिजनची आहे हे कळायला १९२५ साल उजाडलं. जमिनीवरच्या साध्या प्रयोगात ती रेषा दिसतच नव्हती, कारण अणूला पाऊण सेकंदाचा एकांत मिळत नव्हता.

फोटोत दिसतो तसा डोळ्यांना दिसतो का?

मंद ऑरोरा नाही. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, त्यामुळे फिकट ऑरोरा राखाडी ढगासारखा वाटतो. कॅमेरा काही सेकंदांचा प्रकाश गोळा करतो, म्हणून त्याला रंग सापडतो. जोराच्या उपवादळात मात्र हिरवा आणि गुलाबी नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसतात. आणि ती गती कुठल्याच फोटोत येत नाही.

ऑरोरा डोंगरामागे जमिनीला टेकतो का?

नाही, तो दृष्टिभ्रम आहे. नॉर्वेचे कार्ल स्टॉर्मर यांनी दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी फोटो काढून उंची मोजली. खालची कड बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असते. विमानं दहा-बारा किलोमीटरवर उडतात.

त्याचा आवाज येतो का?

१०० किलोमीटरवरून आवाज थेट येणं शक्य नाही. तिथली हवा फार विरळ आहे आणि आला तरी पाच-सहा मिनिटं उशिरा येईल. तरीही तडतड ऐकल्याच्या गोष्टी शेकडो वर्षं सांगितल्या जातात. फिनलंडमध्ये अशा आवाजांचं ध्वनिमुद्रण झालं आहे आणि त्यांचा उगम जमिनीपासून साधारण ७० मीटरवर निघाला. शांत, थंड रात्री तिथे उबदार हवेचा थर बसतो, त्यात साठलेला विद्युतभार चुंबकीय वादळात मोकळा होत असावा, असं तिथल्या संशोधकांचं म्हणणं आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण प्रकरण मिटलं असं म्हणवत नाही.

चुंबकीय क्षेत्राशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात आलं?

एडमंड हॅली यांनी १७१६ मध्ये तशी शंका मांडली होती. १७४१ मध्ये स्वीडनमध्ये अँडर्स सेल्सिअस आणि ओलोफ हिओर्टर यांनी ऑरोराच्या वेळी होकायंत्राची सुई हलते हे नोंदवलं. त्याच काळात लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांची सुईही हललेली निघाली. म्हणजे गडबड एका गावाच्या आकाशापुरती नव्हती.

नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्कलंड यांनी पुढे निर्वात पेटीत चुंबकीय गोल ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि गोलाच्या ध्रुवांभोवती चमकणारी कडी मिळवली. अवकाशातून विद्युतप्रवाह बलरेषांच्या वाटेने वातावरणात उतरतो, हे त्यांचं म्हणणं अनेकांनी दशकानुदशकं उडवून लावलं. उपग्रहांनी ते १९६० आणि ७० च्या दशकांत मोजलं. आज त्या प्रवाहांना बिर्कलंड प्रवाह म्हणतात.

सौर ज्वाळा उसळल्याची बातमी आली, म्हणजे ऑरोरा नक्की?

नाही. सौर ज्वाळा हा मुख्यतः प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा भडका; तो आठ मिनिटांत पोहोचतो आणि त्याने ऑरोरा होत नाही. मोठ्या ऑरोरासाठी सहसा सूर्याने अब्जावधी टन प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रासकट बाहेर फेकावा लागतो, तो पृथ्वीच्या दिशेने यावा लागतो आणि त्याचं क्षेत्र दक्षिणेकडे असावं लागतं. प्लाझ्माच्या या फेकीला करोनल मास इजेक्शन किंवा सीएमई म्हणतात. ज्वाळा आणि सीएमई पुष्कळदा जोडीने येतात, नेहमी नाही. शिवाय करोनातल्या विवरांमधून वेगवान वारा सुटतो, त्यानेही ऑरोरा होतो; सूर्य साधारण २७ दिवसांत फिरून आला की तोच झोत पुन्हा पृथ्वीवरून जातो.

अंदाज किती आधी मिळतो?

सीएमई सुटल्याचं दुर्बिणीतून दिसतं, त्यामुळे एक ते तीन दिवस आधी इशारा देता येतो. पण त्याच्या पोटातलं क्षेत्र कुठल्या दिशेला आहे हे तेव्हा कळत नाही. ते कळतं पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल १ बिंदूपाशी असलेल्या यानांवरून तो गेला की. तिथून पृथ्वी फार तर तासाभराच्या अंतरावर असते, वारा जोराचा असेल तर अर्ध्या तासाच्याही आत. म्हणून 'उद्या रात्री नक्की' असं कुणी सांगितलं तर त्यावर विमानाचं तिकीट काढू नये.

ध्रुवांपासून खूप दूर ऑरोरा दिसल्याच्या बातम्या खऱ्या असतात का?

मोठ्या चुंबकीय वादळात, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र जोरात ढवळून निघतं तेव्हा, ऑरोराचा पट्टा पसरून विषुववृत्ताकडे सरकतो. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर पांढरा भडका पाहिला आणि साडेसतरा तासांत वादळ येऊन थडकलं. क्युबा आणि हवाईमध्ये ऑरोरा दिसला. अमेरिकेत बोस्टन-पोर्टलंड तारमार्गावरच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि काही काळ नुसत्या ऑरोराच्या प्रवाहावर संदेश पाठवले. वादळाची सर्वांत मोलाची चुंबकीय नोंद कुलाबा वेधशाळेत झाली: क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) उतरलं होतं. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात विजेचं जाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

१० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही तांबडी आभा टिपली. दूरून तांबडाच का दिसतो, याचं कारण पृथ्वीची गोलाई. ११० किलोमीटर उंचीवरचा हिरवा भाग साधारण १,२०० किलोमीटरपलीकडे क्षितिजाखाली जातो. ४०० किलोमीटरवरचा तांबडा २,२०० किलोमीटरपर्यंत डोकावू शकतो.

कोणता काळ चांगला?

सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा कळस आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं. वर्षात मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, कारण तेव्हा पृथ्वीच्या अक्षाच्या झुकावामुळे सौर वाऱ्याबरोबर आलेलं क्षेत्र दक्षिणेकडे पडण्याची शक्यता वाढते. रात्री दहा ते दोन. आणि निरभ्र आकाश, ज्याचा सूर्याशी काही संबंध नाही आणि ज्यामुळे सर्वाधिक बेत फसतात.

इतर ग्रहांवर ऑरोरा असतो का?

गुरूवर तर कायमच, आणि पृथ्वीपेक्षा कितीतरी जोरकस. पण तिथलं इंजिन वेगळं आहे: दहा तासांत होणारी गुरूची गिरकी आणि आयो या चंद्रावरच्या ज्वालामुखींनी पुरवलेला प्लाझ्मा. मंगळाला आता संपूर्ण ग्रहाभोवतीचं क्षेत्र नाही, तरी तिथेही ऑरोरा दिसतो; तिथे मात्र सूर्याकडचे कण बऱ्याच अंशी थेटच हवेत उतरतात. मार्च २०२४ मध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स या गाडीने मंगळाच्या जमिनीवरून हिरवा ऑरोरा टिपला, तोही ५५७.७ नॅनोमीटरचाच.

'स्टीव्ह' हा ऑरोराचाच प्रकार आहे का?

बहुधा नाही. कॅनडातल्या हौशी छायाचित्रकारांना नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला एक अरुंद जांभळट पट्टा दिसायचा, त्याला त्यांनी गमतीने हे नाव दिलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या युरोपीय स्वॉर्म मोहिमेतला एक उपग्रह त्यातून गेला, तेव्हा ३०० किलोमीटर उंचीवर सुमारे ३,००० अंश तापलेला वायू सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे वाहताना आढळला. २०१८ च्या अभ्यासात त्या पट्ट्याच्या वर इलेक्ट्रॉनांचा वर्षाव सापडला नाही. वरून कण पडत नसतील तर तो जांभळा प्रकाश नेमका कोणत्या रासायनिक क्रियेतून येतो, यावर अजून काम सुरू आहे.